छातीतली नाकेबंदी

नाशिकच्या सातपूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देतो.

"सर, माझं शिक्षण बारावीपर्यंत, सगळं मराठी माध्यमात. चार वर्षांपासून एका खासगी हॉस्पिटलात कॅशलेसच्या काउंटरवर आहे. मागच्या महिन्यात एका पेशंटच्या प्री-ऑथच्या, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीकडून मंजुरी मागायच्या मेलमध्ये मी 'नव्वद टक्के ब्लॉकेज' असं इंग्रजीत लिहायच्या ऐवजी 'ब्लॉकेड' लिहिलं. इन्शुरन्सवाल्यांनी क्वेरी काढली ती काढलीच, वर आमच्या एका सीनियरनी त्या मेलचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पेशंटच्या छातीत पोलिसांची नाकाबंदी!' दोन दिवस सगळे हसत होते. खरं सांगू, मला अजून फरक कळलेला नाही. ब्लॉक, ब्लॉकेज, ब्लॉकेड, ऑब्स्ट्रक्शन, क्लॉग, सगळ्यांपुढे डिक्शनरीत 'अडथळा'च लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडचे नातेवाईक मला विचारतात, 'ताई, ब्लॉकेज निघालं म्हणजे नक्की काय हो?' तेव्हा मराठीतही सांगता येत नाही. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का? आठ हजार फी आहे."

ताई,

क्लासचं आधी सांगतो. लावू नका. तिथं तुम्हाला 'हाऊ आर यू' शिकवतील, आणि तुमचं घोडं 'हाऊ आर यू'पाशी अडलेलं नाही. ते डिक्शनरीपाशी अडलंय. पाच शब्दांपुढे एकच 'अडथळा' ठेवून जी डिक्शनरी मोकळी होते, तिच्या भरवशावर कुणीही पडेल. मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि याच शब्दांपायी मीही एकदा तोंडावर आपटलो आहे. तेही सांगतो, पण नंतर.

आधी हा 'अडथळा' जरा बाजूला ठेवू. तुमच्या घरात कुणाला सर्दी झाली तर 'नाकात अडथळा आला' असं कुणी म्हणतं का? नाक चोंदतं. कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात. घास घशात अडकतो, श्वास कोंडतो, छातीत कफ दाटतो. म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते. ओल्या बाळंतिणीचं दूध साकळतं. आणि मूल पुढे सरकत नसेल तर सुईण सांगायची, बाई अडली. एवढ्याशा देहाला किती दारं, आणि दर दाराला आपण वेगळं क्रियापद दिलंय. कुठलं कुठं लावायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तरी 'लघवी चोंदली' किंवा 'नाक साकळलं' असं तुम्ही जन्मात म्हणणार नाही. इंग्रजीत मात्र रोजच्या बोलण्यात नाकही ब्लॉक्ड, कानही ब्लॉक्ड, मोरीही ब्लॉक्ड. म्हणजे या बाबतीत आपला डबा भरलेला आहे. तुम्ही उगाच लाजताय.

फक्त एका ठिकाणी आपल्याकडे शब्द नाही. हृदयाला रक्त पुरवणारी नळी आतून बारीक झाली, तर तिला काय झालं म्हणायचं? चोंदली, दाटली, तुंबली, काहीच बसत नाही. कारण साधं आहे. नाक, कान, मोरी पिढ्यान् पिढ्या डोळ्यांसमोर होती. ही नळी जिवंत माणसात कुणी पाहिलेलीच नव्हती. अँजिओग्राफी आली, पडद्यावर ती दिसायला लागली आणि दिसली ती इंग्रजी नाव घेऊनच. म्हणून 'ब्लॉकेज' हा शब्द आपण घेतला आणि आता तो मराठी झाला आहे. नुसता शब्द घेतला नाही, त्याला आपलं क्रियापदही जोडलं. 'काकांना तीन ब्लॉकेज निघाले.' विहिरीला पाणी निघावं, तिजोरीतून दागिने निघावेत, तसे आपल्याकडे ब्लॉकेज निघतात. तेव्हा नातेवाइकांशी बोलताना 'अवरोध' वगैरे शब्द शोधू नका. अवरोध फक्त वर्तमानपत्रात आणि चूर्णाच्या डबीवर असतो. ब्लॉकेजला ब्लॉकेजच म्हणा, फक्त पुढे दोन-तीन वाक्यं साध्या मराठीत जोडा. ती कोणती, ते शेवटाकडे सांगतो.

आता ब्लॉकेज आणि ब्लॉकेड. दोन्ही 'ब्लॉक'ची लेकरं, पण वेगवेगळ्या घरी वाढलेली. ब्लॉकेजची भावंडं पाहा: ड्रेनेज, लीकेज, वेस्टेज. सगळी प्लंबरच्या तोंडी असणारी. ब्लॉकेडची भावंडं पाहा: परेड, ब्रिगेड, बॅरिकेड. सगळी खाकी घातलेली. लिहिताना हात अडला तर स्वतःला एवढंच विचारायचं, इथं प्लंबरला बोलवावं लागेल की फौजेला? रक्तवाहिनी, पाइप, ड्रिप, चिमणी, कार्ब्युरेटर, इथं 'एज'. बंदर, सरहद्द, हायवे, इथं 'एड'. लेमोनेड या हिशेबात बसत नाही हे मला माहीत आहे, पण लेमोनेडचा क्लेम तुमच्या काउंटरवर येणार नाही.

यामागचं खरं कारण कर्त्याचं आहे. ब्लॉकेज होतं, ब्लॉकेड करतात. ब्लॉकेजला कुणी जबाबदार असेलच असं नाही. केस, साबण, चरबी, गाळ, काहीतरी साचत जातं आणि एक दिवस वाट बंद होते. ब्लॉकेडमागे मात्र माणूस असतो, त्याचा इरादा असतो आणि बहुतेक वेळा एखादी मागणीही असते. कांद्याचा भाव पडला की आपल्या जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे घालतात. आपण त्याला रास्ता रोको म्हणतो आणि इंग्रजी पेपरवाले कधी कधी 'रोड ब्लॉकेड' म्हणतात. ते बरोबर आहे, कारण ट्रॅक्टर आपोआप साचत नाहीत.

हा फरक किती जड असू शकतो, त्याचा एक दाखला देतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाने क्युबात क्षेपणास्त्रं आणली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाभोवती युद्धनौका उभ्या केल्या. काम शंभर टक्के ब्लॉकेडचं. पण केनेडींनी भाषणात आपल्या कारवाईला तो शब्द लावला नाही. ते 'क्वारंटाइन' म्हणाले. कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात ब्लॉकेड म्हणजे युद्धाचीच कृती समजली जाते. करायचं तेच केलं, फक्त शब्द बदलला. तुम्ही मेलमध्ये जो शब्द सहज टाकलात, तो स्वतःच्या कारवाईला लावायला अमेरिकेचा अध्यक्ष कचरत होता.

वेढा म्हणजे ब्लॉकेड का, असं पुढे कुणी विचारलं तर नाही म्हणून सांगा. वेढ्याला सीज म्हणतात. पेठ रोडने जाताना रामशेज दिसतो ना, त्याला मुघलांनी १६८२ साली घातला तो सीज. त्यात तोफा, सुरुंग, हल्ले, सगळं असतं, आणि तरीही तो किल्ला काही वर्षं हाती लागला नाही. ब्लॉकेडमध्ये हल्ला करायलाच हवा असं नाही. आत काही जाऊ द्यायचं नाही, बाहेर काही येऊ द्यायचं नाही, एवढं पुरतं.

आणि हो, तुमच्या सीनियरचा विनोद. तोही चुकलेला आहे. पोलीस मुंबई नाक्यावर रात्री बॅरिकेड लावून डिक्की उघडायला सांगतात, ती नाकाबंदी. गाड्या थांबतात, तपासल्या जातात आणि जातात. इंग्रजीत तो चेकपॉइंट झाला. ब्लॉकेडला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'नाकेबंदी' लिहितात. आर्थिक नाकेबंदी, सागरी नाकेबंदी. म्हणजे इंग्रजीत एका अक्षरासाठी तुम्हाला हसणारा माणूस मराठीत एका मात्रेला चुकला. हे ग्रुपवर टाकू नका. मनात ठेवा, बरं वाटतं.

आता माझी फजिती. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी माझा ईसीजी काढला. कागदावर मशीनने छापलं होतं, 'राइट बंडल ब्रँच ब्लॉक'. मी इंग्रजीचा मास्तर! 'ब्लॉक' वाचलं आणि छातीत ब्लॉकेज आहे असं धरून चाललो. चार दिवस जिना चढलो नाही. पुण्याच्या मुलाला फोन केला, तो रजा टाकून आला. हिने तूप बंद केलं. पाचव्या दिवशी फिजिशियनने कागद पाहिला आणि म्हणाले, "सर, हे वायरिंगचं आहे, प्लंबिंगचं नाही."

हे वाक्य तुम्ही काउंटरच्या काचेवर चिकटवून ठेवावं असं आहे. हृदयात दोन व्यवस्था असतात. एक रक्ताच्या नळ्यांची आणि दुसरी विजेच्या संदेशाची. त्या संदेशावरच ठोका पडतो. नळी अरुंद झाली तर ब्लॉकेज. संदेश वाटेत रेंगाळला किंवा थांबला तर ब्लॉक: हार्ट ब्लॉक, बंडल ब्रँच ब्लॉक. काही हार्ट ब्लॉकना पेसमेकर लागतो, आणि माझ्यासारखा उजव्या बाजूचा बंडल ब्लॉक धडधाकट माणसातही सापडतो. पेशंटच्या कागदावर 'एव्ही ब्लॉक' (हाही हार्ट ब्लॉकच) असताना क्लेममध्ये तुम्ही 'ब्लॉकेज' लिहिलंत, तर ती ब्लॉकेडपेक्षा मोठी चूक ठरेल. ब्लॉकेडला माणूस हसतो. ही चूक कुणाच्या लक्षातच येणार नाही आणि क्लेम भलत्याच आजाराचा होऊन बसेल.

शिवाय तुमच्याच फाइलींत 'नर्व्ह ब्लॉक' येत असेल. तो आजार नाही, भुलीचा प्रकार आहे, डॉक्टरांनी मुद्दाम दिलेला. 'बीटा ब्लॉकर' हे औषध आहे. ब्लॉक हा शब्दच मोठा वस्ताद. मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. त्याचा ठोकळा झाला, पेव्हर ब्लॉक झाला, तालुक्याचा विकास गट झाला, व्हॉट्सॲपवरचं ब्लॉक करणं झालं. रेल्वे रविवारी ब्लॉक घेते आणि माणूस कर्ज काढून सिडकोत ब्लॉक घेतो. दोन्हींत आपल्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्याचे हाल. रेल्वेच्या ब्लॉकमध्ये तर काही अडकलेलं नसतंच. रुळांच्या कामासाठी मागून घेतलेले ते तास असतात.

ऑब्स्ट्रक्शन. याच्या पोटात लॅटिनमधलं 'स्ट्रुएरे' आहे, म्हणजे रचणं, बांधणं. कन्स्ट्रक्शनमध्येही तेच आहे. एकात एकत्र रचायचं, दुसऱ्यात वाटेत रचायचं. सिंहस्थाच्या तयारीत नाशिकचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दोन शब्दांचं नातं समजावून सांगावं लागू नये. ब्लॉकेज नळीच्या आत बसतं. ऑब्स्ट्रक्शन आतून असो, बाहेरून दाबून असो किंवा वाटेत उभं राहून असो, सगळ्याला चालतं. म्हणून गाठीने बाहेरून आतडं दाबलं तरी 'इंटेस्टाइनल ऑब्स्ट्रक्शन', आणि दमेकऱ्यासारखी धाप लागणाऱ्या जुन्या बिडीवाल्याच्या कागदावर सीओपीडी, त्यातला 'ओ' याच ऑब्स्ट्रक्टिव्हचा. सुईण ज्याला 'बाई अडली' म्हणायची, ते कागदावर 'ऑब्स्ट्रक्टेड लेबर'. कायद्यातही हाच शब्द. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्याचं जुनं कलम १८६, नव्या न्याय संहितेत २२१, तिथं ब्लॉकेज म्हणून चालणार नाही. क्रिकेटमध्येही 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड' असा बाद होण्याचा प्रकार आहे. मोहिंदर अमरनाथ १९८९ मध्ये अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध तसे बाद झाले होते. बद्धकोष्ठ मात्र ऑब्स्ट्रक्शन नव्हे हं. तीन दिवस साफ झालं नाही म्हणून घाबरलेल्या माणसाच्या फाइलवर हा शब्द चुकूनही टाकू नका. आतड्याचं ऑब्स्ट्रक्शन म्हणजे धावपळीचं काम.

क्लॉग माझा आवडता. हाही लाकडाचाच. पूर्वी तिकडे जनावर पळू नये म्हणून त्याला लाकडाचा ओंडका बांधायचे, तो क्लॉग. आपल्याकडे काय म्हणतात त्याला? लोढणं! आमच्या मामाकडे निफाडला एक मारकी गाय होती, तिच्या गळ्यात हातभर बाभळीचं लाकूड लोंबत असायचं. ती पळायला लागली की ते गुडघ्यांवर आदळायचं, मग बिचारी खाली मान घालून चालायची. दोन खंडांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता तोच ओंडका जनावराला बांधला. पण पुढे वाटा फुटल्या. आपलं लोढणं माणसाच्या गळ्यात पडलं आणि क्लॉग नळीत जाऊन बसला. आज क्लॉग म्हणजे बारीक, चिकट, हळूहळू साचणाऱ्या गोष्टींनी वाट धरणं. द्राक्षबागेत ड्रिपर बंद पडतात ते क्लॉगिंग. पाण्यातला क्षार, शेवाळ, गाळ. बागायतदार म्हणतो, 'ड्रिपर चोक झाले', आणि ॲसिड सोडतो. सायखेड्याच्या पुलाला पुरात पाणवेली अडकतात, तेही क्लॉगच. आमच्या सोसायटीत चेंबर भरला की प्लंबर 'चोकअप आहे काका' म्हणतो. चोकअप हा शब्द इंग्रज ऐकेल तर त्याला वाटेल कुणाचा तरी गळा दाटून आलाय. गेल्या पावसाळ्यात त्याने बांबूची लांब पट्टी आत सारून सारून एक बोळा बाहेर काढला: केस, दोरा, शाम्पूची पाकिटं आणि मधोमध एक राखी, अजून चमकणारी. बोळा निघाल्याबरोबर चेंबरमधलं पाणी घुटकन् खाली गेलं. तो घुटकन् आवाज म्हणजे ब्लॉकेज या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द. मला इंग्रजीत अजून दुसरा सापडलेला नाही.

जॅम लवकर उरकतो. आपल्या द्वारका चौकात संध्याकाळी सहाला जे होतं ते ब्लॉकेज नाही, कारण वाटेत वेगळं काही पडलेलं नसतं; जाणारेच एकमेकांच्या वाटेत असतात. मराठीत त्याला कोंडी म्हणतात आणि तो शब्द जॅमपेक्षा चांगला आहे, कारण त्यात आत कोंडलेल्या माणसाची तगमग आहे. पहिल्या मोठ्या पावसात दहीपुलाजवळ पाणी मात्र तुंबतं. तिथं खाली नाला चोंदलेला असतो, तेव्हा ते ब्लॉकेज.

एक शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या पत्रात तोच सगळीकडे आहे. जुन्या नाशकात आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजाला आतून अडसर होता. मनगटाएवढा जाड सागवानी दांडा, भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवलेला. रात्री आजोबा तो ओढून पलीकडच्या भिंतीत घालायचे. त्याचा घासल्याचा आवाज झाला की दिवस संपला. हल्ली 'विकासातला अडसर' वगैरे वाचतो तेव्हा लिहिणाऱ्याने तो दांडा कधी हातात धरला नसावा असं वाटतं. तर इंग्रजीत या दांड्याला बार म्हणतात. बॅरिअर त्यातूनच निघालं. आणि फ्रेंच-स्पॅनिशच्या वाटेने फिरत फिरत आणखी एक शब्द इंग्रजीत आला, तोही यातूनच निघाला असं काही जण मानतात: एम्बॅरस. आज त्याचा अर्थ ओशाळवाणं होणं; मूळचा अर्थ वाट अडवणं. ग्रुपवर फोटो पडल्यावर तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत, मेल लिहिताना हात थांबायला लागला, असं पत्रात पुढे लिहिलं आहे. तो अडसर तुम्ही आतून घातलाय. बाहेरच्याने फक्त दार वाजवलं.

आता काउंटरवरचं काम. क्लेमच्या मेलमध्ये स्वतःचा शब्द वापरायचाच नाही. रिपोर्टमध्ये जो शब्द असेल, तोच, स्पेलिंगसकट उतरवायचा. तिथं बहुधा 'स्टेनोसिस' असेल, म्हणजे अरुंद होणं, किंवा 'ऑक्लूजन', म्हणजे वाट बंद होणं. 'टोटल ऑक्लूजन' म्हणजे शंभर टक्के, आणि 'सीटीओ' असेल तर ती नळी तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण बंद आहे असं समजा. ब्लॉकेज हा बोलण्यातला शब्द. डॉक्टर पेशंटला ब्लॉकेज सांगतात आणि कागदावर स्टेनोसिस लिहितात. तुमच्यापुढे दोन्ही आले, म्हणून गोंधळ झाला.

नातेवाइकांना सांगताना 'नस' हा शब्द टाळा. आपल्याकडे मान आखडली तरी नस दबते आणि हृदयविकारातही नस बंद होते. एक मज्जातंतू, दुसरी रक्तवाहिनी. 'रक्ताची नळी' म्हणा. बागायतदार समोर असेल तर ड्रिपचं उदाहरण द्या, त्याला क्षणात कळेल: "हृदयाला रक्त देणारी नळी असते, साधारण ज्वारीचा दाणा मावेल एवढी. तिला आतून थर धरलाय, ड्रिपला क्षार धरतो तसा. म्हणून पुढे रक्त कमी पोचतंय." पण तिथंच थांबू नका, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग काही सोडून धुऊन काढता येत नाही का?" नाही. ड्रिपमधला क्षार नळीच्या पोकळीत असतो, ॲसिडने सुटतो. रक्ताच्या नळीतला थर भिंतीच्या आतच भरलेला असतो, तो धुतला जात नाही. आणि पुष्कळदा झटका येतो तो हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यामुळे, मग पन्नास टक्केवालाही एकदम शंभरवर जातो. 'नसा साफ करणारा काढा' विकणारे याच गैरसमजावर जगतात. अँजिओप्लास्टीतसुद्धा थर काढून आणत नाहीत. फुग्याने तो भिंतीकडे दाबतात आणि स्टेंटची जाळी लावून वाट उघडी ठेवतात. हृदयाच्या नळीत पहिल्यांदा हा फुगा झुरिकमध्ये १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी वापरला, जाळी नंतर आली. बायपास म्हणजे गावाबाहेरून काढलेला रस्ता, तो शब्द तर सगळ्यांना ठाऊक आहे. काय करायचं, कधी करायचं, ते मात्र डॉक्टरांनाच सांगू द्या. तुम्ही शब्द उघडून द्या, पुरे.

टक्क्यांचं एक. 'पन्नास टक्के म्हणजे अजून अर्धं रक्त जातंय ना?' असं विचारतात. ही टक्केवारी बहुतेक वेळा नळीच्या रुंदीतली घट असते आणि ती पडद्यावर डोळ्यांनी पाहून काढलेला अंदाज असते. रुंदी निम्मी झाली की पोकळी निम्मी उरत नाही, चौथाई उरते. घरी बांगडीभोवती पेन्सिल फिरवून आणि निम्म्या रुंदीचं वर्तुळ काढून बघा. नव्वद टक्के म्हणजे रुंदी दहावा हिस्सा, आणि पोकळी शंभरातली एक. तरी शरीर बरंच सांभाळून घेतं. म्हणून मोठ्या नळ्यांत साधारण सत्तरच्या पुढे डॉक्टर गंभीर होतात, आणि डावीकडच्या मुख्य नळीत मात्र पन्नासलाच. नातेवाइकांना हा हिशेब सांगत बसू नका, घाबरतील. तुम्हाला माहीत असला की पुरे, म्हणजे 'पन्नासच आहे, काही नाही' असं तुमच्या तोंडून जाणार नाही.

सीनियरचं काय करायचं? काही नाही. पुढच्या वेळी त्यांच्या हातून 'ब्लॉक'ला 'ब्लॉकेज' झालं, आणि होणारच, तेव्हा बाजूला घेऊन हळूच सांगा. ग्रुपवर नको.

अरे हो, मूळचंच राहिलं. क्वेरीला उत्तर गेलं असेल, पण त्या पहिल्या मेलमधला शब्द दुरुस्त केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. फाइलमध्ये 'ब्लॉकेड' तसाच राहिला असेल तर उद्या पुन्हा कुणीतरी त्याच्यावर बोट ठेवेल. आजच दोन ओळींचा मेल टाका: अमुक तारखेच्या मेलमध्ये 'ब्लॉकेड'च्या जागी (रिपोर्टमध्ये असेल तो शब्द) वाचावे, अँजिओग्राफीचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. सॉरी एकदाच लिहा. आणि त्या नव्वद टक्केवाल्या पेशंटचं पुढे काय झालं, ते पत्रात कुठंच नाही. तेवढं कळवा.